देवाजी मरून राहिला

मी एका दिवसात नऊ माणसं मारली होती म्हटलं, तर तुम्ही हातातला कप खाली ठेवाल. ठेवू नका, चहा निवेल. नऊच्या नऊ मारली, तीही नुसत्या पेनने, आणि वर त्यांच्याच घरी बसून पाणी पिऊन आलो. पोलिसांनी मला काही केलं नाही. जे काय केलं ते एका नर्सबाईंनी केलं. ते आठवलं की आजही आधी स्वतःची लाज वाटते आणि मग त्या बाईला हात जोडावेसे वाटतात.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी पुण्याचा. संख्याशास्त्राची पदवी घेऊन नुकताच बाहेर पडलेला, म्हणजे जगातलं सगळं कोष्टकात बसतं अशी खात्री असलेला. सरकारी आरोग्य खात्याच्या एका पाहणीत मला नागपूरला नोकरी लागली. काम सोपं होतं. घरोघर जायचं आणि विचारायचं: माणसं किती, आजारी कोण, वर्षभरात दगावलं कोण, औषध कुठून आणता? त्या कागदांवरून खातं ठरवणार की दवाखाना कुठे हवा, नर्स कुठे हवी. गरिबाला फुकट औषध मिळायचं असेल तर आधी तो गरीब कागदावर दिसावा लागतो, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. मी आपला कागद स्वच्छ दिसावा एवढंच बघत होतो.

प्रताप नगरात एक खोली घेतली होती. जेवण घरमालकीणबाईंकडे. पहिल्याच दिवशी त्यांनी आतून सांगितलं, "भाऊ, जेवण होऊन राहिलं." मी हातपाय धुऊन पाटावर जाऊन बसलो. अर्धा तास झाला तरी ताट येईना. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, पण मी काय ठरवलं असेल? की जेवण होऊन तसंच राहिलंय, बाईंच्या लक्षातून गेलंय, आणि आता उद्याच्या भाकरी चालल्या आहेत. इकडे ‘राहिलं’ म्हटलं की काम संपलं, असा नियम मी एका उदाहरणावरून काढला. संख्याशास्त्रात एका उदाहरणावरून नियम काढू नये, हे मीच परीक्षेत लिहून आलो होतो.

आता त्या नर्सबाई. सुमनबाई त्यांचं नाव. उमरेडच्या एका विणकराच्या घरातली मुलगी, शिकून सरकारी नर्स झालेली. उमरेड रस्त्याला विणकरांची एक वस्ती होती, ती त्यांच्याकडे होती. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत एक जाडजूड रजिस्टर. कोणत्या घरात कोण कधीपासून खोकतंय, कोणाला ताप येतो, सगळं त्यात. आणि सगळं खरं, कारण बाई स्वतः दारात जाऊन बघून यायच्या.

गेलं वर्षभर त्यांची एकच मागणी होती. वस्तीत खोकला फार आहे, क्षयाचा संशय आहे, एक्स-रेची गाडी पाठवा. पण अख्ख्या जिल्ह्याला गाडी एक. जिथून मृत्यू कळायचे तिथे ती आधी धावायची, आणि सुमनबाईंच्या रजिस्टरात मृत्यू नव्हता. त्यामुळे गाडीचा नंबर काही लागत नव्हता.

माझी पाहणी त्याच वस्तीची होती. सुमनबाई म्हणाल्या, मी सोबत येते, लोक मला ओळखतात. मी म्हटलं, नको. ओळखीच्या माणसासमोर लोक खरं सांगत नाहीत, माहिती निःपक्षपाती हवी. हे वाक्य मी इंग्रजी पुस्तकातून पाठ केलं होतं. बाई एवढंच म्हणाल्या की पहिल्या घरी गंगाकाकू आहेत, त्यांच्याशी सावकाश बोला.

गेलो. गंगाकाकू अंगणात सूत उकलत बसल्या होत्या. आतून मागाचा खटाखट आवाज. मी खाट ओढून बसलो, कागद काढले आणि विचारलं, "घरी सगळे ठीक?"

"कायचं ठीक, भाऊ," काकू म्हणाल्या, "आमचा बुढा खोकलून खोकलून मरून राहिला."

मी टोपी काढली. म्हणजे टोपी नव्हतीच, पण हात डोक्याकडे गेला. मरून राहिला! एक तर मेला, आणि वर मरून राहिला. किती ठामपणे सांगितलं बाईंनी. मी हळू आवाजात विचारलं, केव्हाची गोष्ट? म्हणाल्या, दिवाळीची, तवापासून थांबतच नाही. मला वाटलं, रडू थांबत नाही. मी म्हटलं, आता सगळं तुमच्या एकटीवर आलं असेल. "मंग?" काकू म्हणाल्या, "एकटीच पाहून राहिली मी सारं."

आता तुम्हीच सांगा, यात शंका घ्यायला जागा कुठे होती? मी लिहिलं: मृत्यू एक, दिवाळीत, कारण खोकला. नाव विचारलं तर काकूंनी पदर डोक्यावर ओढला. त्या काळी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तो मेला तरी घेत नसत असं मी धरलं. त्यांनी रेशनकार्ड आणून दिलं. त्यावर देवाजी असं नाव होतं, ते उतरवून घेतलं.

फॉर्मच्या खाली घरातल्या एका कर्त्या पुरुषाचा अंगठा लागायचा. आत मागावर पन्नाशीचा एक बारीकसा माणूस बसला होता. बुढा म्हणजे किमान ऐंशीचा म्हातारा, हे तर उघडच होतं. त्यामुळे हा कोणी धाकटा भाऊ असणार. मी विचारलं, हे कोण? काकू तोंड फिरवून म्हणाल्या, "घरचेच हायत." त्या माणसाने माग थांबवला, दोनदा खोकला, अंगठा दिला आणि मला बजावलं, "शाई लुगड्याच्या काठाले लागू देऊ नका, भाऊ." मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, धीर धरा. त्याने मान हलवली आणि पुन्हा धोटा फेकायला लागला. किती सोशिक माणूस, मी मनात म्हटलं.

पुढे मग काय विचारता. घराघरात तेच. इकडे सासू दम्यानं मरून राहिली, तिकडे मोठा भाऊ तापानं मरून राहिला. संध्याकाळपर्यंत माझ्याकडे नऊ मृत्यू जमा झाले. एका घरी तर बाई म्हणाल्या, आमी सारेच मरून राहिलो. तिथे मात्र मी शास्त्रीय सावधगिरी बाळगली. शेऱ्यात लिहिलं: कुटुंब अतिशोकात, उत्तरे विश्वासार्ह नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते कागद आमच्या मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले. डॉक्टर सज्जन, कामाला वाघ, पण मूळचे कोकणातले, आणि फॉर्म मी इंग्रजीत भरले होते. त्यांनी पहिला वाचला, दुसरा वाचला, चौथ्याला चष्मा काढला. एका वस्तीत, दिवाळीपासून, खोकल्याने आणि तापाने इतकी माणसं गेली? त्यांनी सुमनबाईंना बोलावलं.

त्या क्षणाची मला आजही लाज वाटते. बाई उभ्या, मी खुर्चीत. डॉक्टरांनी विचारलं, तुमच्या वस्तीत नऊ माणसं दगावली आणि तुमच्या रजिस्टरात एकही नाही, हे कसं? तुम्ही वस्तीत जाता की घरी बसून रजिस्टर भरता? बाईंचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांची नोकरी, कधी एक शब्द ऐकून घ्यायची वेळ आली नव्हती. डॉक्टर म्हणाले की आजच लेखी खुलासा मागतो, खुलासा पटला नाही तर बदली. आणि ते शेजारच्या खोलीत फोन करायला गेले.

सुमनबाईंनी फॉर्म उचलले. देवाजींचा फॉर्म बराच वेळ बघितला. मग मला विचारलं, "भाऊ, गंगाकाकू काय बोलल्या? जसंच्या तसं सांगा."

मी सांगितलं. अगदी त्यांच्याच शब्दांत सांगितलं.

बाईंनी पदर तोंडाला लावला आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. रडतायत बिचाऱ्या, मी म्हटलं. मला त्यांची दया आली. खरंच सांगतो, दया आली. मी त्यांना म्हटलंसुद्धा की चूक प्रत्येकाकडून होते, मनाला लावून घेऊ नका.

तेवढ्यात डॉक्टर परत आले. साथीची शंका म्हणून एक्स-रेची गाडी उद्या सकाळी वस्तीत येणार, आपण सगळे जायचं. सुमनबाईंनी डोळे पुसले, डॉक्टरांनी पुढे केलेला खुलासा मागणारा कागद घेतला, खाली मान घातली आणि म्हणाल्या, बरं साहेब.

दुसऱ्या दिवशी आम्ही जीपमधून निघालो. मागे एक्स-रेची गाडी, त्यात यंत्र चालवणारे, थुंकी तपासायला डब्या, सगळा सरंजाम. मी डॉक्टरांना वाटेत दुःखी कुटुंबाशी कसं बोलावं ते समजावून सांगत होतो. गंगाकाकूंच्या दारात जीप थांबली. डॉक्टर उतरले, हात जोडले आणि म्हणाले, "बाई, देवाजींचं कळलं. फार वाईट झालं."

काकू घाबरल्या. त्यांनी घरात बघितलं. माग थांबला आणि तो बारीकसा माणूस गळ्यात सुताची लड अडकवून दारात आला. "काय झालं देवाजीले?" त्याने विचारलं. "मीच देवाजी."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी काकूंकडे बघितलं. "अहो, तुम्हीच म्हणालात ना, मरून राहिला?"

"हो त," काकू म्हणाल्या. "मरूनच राहिला. मेला कुठं म्हटलं मी?"

वस्ती जमली होती. पहिलं हसू कोणाला फुटलं माहीत नाही, पण शेवटचं थांबायला पुष्कळ वेळ लागला. माझे बाकीचे आठ मृतही एकेक करून बघायला आले होते, तेही हसत होते, दम्याच्या सासूबाई तर धाप लागेपर्यंत. सुमनबाईंनी मला बाजूला घेऊन शांतपणे शिकवलं, "भाऊ, ‘बुढा’ म्हंजे नवरा, वय काही का असेना. ‘मेला’ म्हंजे गेला. ‘मरून राहिला’ म्हंजे अजून टाइम आहे."

डॉक्टर मात्र हसत नव्हते. त्यांच्या हातात देवाजींचा फॉर्म होता, वर मृत्यूची नोंद आणि खाली त्याच मृताचा ताजा अंगठा. त्यांनी सुमनबाईंना विचारलं, तुम्हाला हे कालच कळलं होतं?

"कळलं होतं, साहेब."

"मग बोलल्या का नाहीत? मी तुम्हाला नाही नाही ते बोललो."

बाईंनी एक्स-रेच्या गाडीकडे बघितलं. "काल बोलली असती, त आज गाडी आली नसती," त्या म्हणाल्या. "आता आलीच आहे, त नऊच्या नऊ तपासून घ्या. अजून टाइम आहे."

सांगा, काय माणूस असेल ही! माझ्या मूर्खपणाचा बोजा आपल्या डोक्यावर घेतला, बदलीची धमकी गिळली, फक्त गाडी दारात यावी म्हणून. डॉक्टरही मनाने मोठे. त्यांनी तिथेच, सगळ्या वस्तीसमोर, तो खुलाशाचा कागद बाईंकडून परत घेऊन फाडला आणि त्यांची माफी मागितली. मग बाह्या वर केल्या आणि संध्याकाळपर्यंत वस्तीतल्या एकूण एक खोकणाऱ्याला तपासलं.

देवाजींना क्षय निघाला. माझ्या नऊ मृतांपैकी आणखी दोघांना निघाला. त्यानंतर मी जे बघितलं त्याने सरकारी खातं म्हणजे काय हे मला कळलं. आधी रोज इंजेक्शन, मग गोळ्या, असं दीड वर्ष, एक पैसा न घेता. देवाजी म्हणायचे माग सोडून दवाखान्यात येणार नाही, लुगडं अडतं. तर सुमनबाई मागापाशी यायच्या. पाण्याचा तांब्या पुढे करायच्या आणि गोळी गळ्याखाली उतरेपर्यंत हलायच्या नाहीत. ऊन असो, पाऊस असो. हे सगळं मला माहीत कसं? कारण डॉक्टरांनी मला शिक्षा दिली होती. पाहणी संपेपर्यंत सुमनबाईंची पिशवी उचलायची आणि त्यांच्या मागे फिरून इथली भाषा शिकायची. पाहणी संपली तरी मी ती पिशवी सोडली नाही. इतकं चांगलं शिक्षण मला पुण्यात मिळालं नव्हतं.

दीड वर्षाने औषध संपलं. शेवटचा एक्स-रे स्वच्छ आला. त्याची नोंद करायला मी आणि सुमनबाई देवाजींकडे गेलो. गालांवर मांस आलं होतं, खोकला नव्हता. मी कागद काढला आणि, आता मी शहाणा झालो होतो ना, अस्सल नागपुरीत विचारलं, "कसं काय चालून राहिलं, देवाजीभाऊ?"

"जगून राहिलो," ते म्हणाले.

पुण्याच्या भाषेत घ्या नाहीतर नागपूरच्या, अर्थ एकच निघत होता. मी तसंच्या तसं लिहिलं. सुमनबाईंनी माझ्या खांद्यावरून वाचलं आणि बरोबर आहे म्हणाल्या. दीड वर्षात माझ्या कागदाला त्यांनी बरोबर म्हणायची ती पहिली वेळ. मला इतका आनंद झाला की मी घाईघाईने शाईची डबी उघडून देवाजींच्या पुढे धरली.

देवाजींनी हात झटकन मागे घेतला.

"अंगठा मी सिस्टरच्या रजिस्टरात देतो, भाऊ," ते म्हणाले. "तुमच्या कागदावर देला का माणूस मरते."