खिंडीतली तिसरी डहाळी

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहा टाकायला जाणारा माणूस. उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये लेथवर आयुष्य गेलं. जे मोजता येतं तेच खरं, बाकी सगळ्या बाता. तरी हे लिहितोय, कारण या वेळी मी स्वतः तिथे होतो.

गोष्ट ८८-८९ च्या सुमाराची. आमचा अडीच वर्षांचा बाळू तापाने गेला आणि सुनंदाने — माझ्या बायकोने — बोलणंच टाकलं. भाकरी थापायची, भांडी घासायची आणि भिंतीकडे बघत बसायची. पोर गेलंच होतं, आता हीपण हातची जाते की काय, अशी धास्ती मी घेतली होती. शेजारच्या सिंधी काकांनी एक गावठी पिल्लू आणून दिलं. म्हणाले, “ले बेटा, बहू का मन लगेगा.”

पिल्लाचा टायगर झाला आणि त्याला फिरवायचं कुठे हा प्रश्न आला. गल्लीत मशिनींची घरघर, रिक्षा, आणि नाक्यानाक्यावर दादागिरी करणारी कुत्री. मग रविवारी सकाळी त्याला स्कूटरवर पायांत उभा करायचा, मागे सुनंदा, आणि शांत वाट शोधत निघायचं. अंबरनाथच्या बाजूलाही वर्दळच. शेवटी बदलापूरच्या पुढे, बारवीच्या रस्त्याला, भातखाचरांतून एका खिंडीकडे जाणारी बैलगाडीची वाट सापडली. सुनंदा बरोबर येत होती, हेच पुष्कळ होतं.

टायगर म्हणजे खांदा निखळेल इतका ओढणारा. पण त्या वाटेला लागताच तो आम्हा दोघांच्या मध्ये आला आणि हळू चालायला लागला. चार पावलं टाकायची, थांबायचं, बाजूला बघून शेपटी हलवायची... पुन्हा चार पावलं. काटा रुतला असेल म्हणून मी पंजे तपासले. काही नव्हतं. लहान मूल बरोबर असलं की आपण चालतो ना, तसा तो चालत होता. आणि बाळूला तर त्याने कधी पाहिलेलंही नव्हतं.

खिंडीच्या तोंडाशी दगडाचा देव आहे. पुढे जाणाऱ्याने त्याला हिरवी डहाळी वाहायची, ही तिथली रीत. आम्हाला ठाऊक नव्हती. लाकडाची मोळी टेकवून बसलेल्या एका म्हातारीने हटकलं, “डहाली टाकल्याबिगर जाव नको, बाबा.” तिनेच झुडपाच्या डहाळ्या मोडून सुनंदाच्या हातात दिल्या. तीन.

“आम्ही दोघंच आहोत, आजी. कुत्र्याचीपण धरली काय?” मी हसत म्हणालो.

“कुत्र्याची कशाला? मान्सांची टाकायची. जितकी मान्सा, तितक्या.” एवढं बोलून तिने मोळी उचलली आणि ती निघून गेली.

सुनंदाने एक डहाळी मला दिली, एक स्वतः वाहिली. मग ती वाकली, हात गुडघ्याएवढा खाली नेला आणि तिसरी तिथूनच, सावकाश सोडली... मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात तिने वर पाहिलं.

“टाकली हो त्याने,” ती म्हणाली.

कित्येक महिन्यांत ती आपणहून माझ्याशी बोलली, ते हे पहिलं वाक्य. मग तिथेच बसून ती मोठमोठ्याने रडली. मीही रडलो, लाज कसली. परतताना टायगर नेहमीसारखा ओढत होता. त्या दिवसापासून सुनंदा हळूहळू माणसांत आली.

याचा उलगडा मला अजून झालेला नाही. ती म्हातारी नंतर दोन-तीनदा वाटेत भेटली, रामराम झाला. विचारावंसं फार वाटायचं. पण “मला डोल्यानी नीट दिसत नाय रं” असं ती म्हणाली असती, तर घरी येऊन सुनंदाला मी काय सांगणार होतो?