सगळ्यांना सारखं नेट

कुमासी शहराच्या जुन्या ताफो वस्तीत ज्या घरात मी बारा वर्षं भाड्यानं राहते, त्या घराचा मालक वोफा अडाई. वोफा म्हणजे मामा. तो माझा मामा नव्हे, सेर्वाचा. पण ती पोरगी दिवसभर त्याला हाका मारायची, म्हणून अंगणाभोवतीच्या आठही खोल्या त्याला वोफाच म्हणायला लागल्या. आमच्याकडे पुरुषाचा वारस म्हणजे बहिणीचं मूल. वोफाला स्वतःचे दोन मुलगे आहेत, ते त्यांच्या आईच्या घराण्याचे. सेर्वा मात्र त्याची होती.

तरुणपणी तो टेलिफोन खात्यात होता. खांबावर चढून तारा जोडायचा. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा घरी बसला, आणि घरी बसलेला माणूस जे करतो तेच त्यानं केलं, म्हणजे सगळ्यांच्या डोक्यावर बसला. घराला विजेचा मीटर एकच. म्हणून दिव्याला एक गुण, पंख्याला दोन, फ्रिजला चार, असे ज्याचे त्याचे गुण मोजून वाटणी. मोजायला तो स्वतः खोल्याखोल्यांतून फिरायचा. आपल्या खोलीतला बंद पडलेला रेडिओसुद्धा धरायचा. माझं शिवणयंत्र पायाचं, तरी मी गुपचूप मोटर बसवली की काय हे बघायला खाली वाकायचा. मला असा संताप यायचा! पण बारा वर्षांत त्यानं मला एका दिव्याचंसुद्धा जास्त लावलं नाही, हेही सांगायला हवं.

स्वयंपाकाच्या शेडला लागून पहिली खोली त्याच्या बहिणीची, डुफीची. चार वर्षांची असताना तापात तिचे कान गेले. मुक्या-बहिऱ्यांची शाळा लांब, बापानं पाठवलं नाही. त्यामुळे तिची भाषा घरातच तयार झाली, आधी एकटीची आणि मग सेर्वा जन्मल्यावर दोघींची. त्या दोघी हातांनी इतक्या भरभर बोलत की बघणाऱ्याला घेरी यावी. वोफाला त्यातल्या दहा-बारा खुणा येत. जेव, ये, पाऊस, झोप, असल्या. शेंगा सोलता सोलता मी त्याच्यापेक्षा पुष्कळ जास्त शिकले.

त्या भाषेत सगळ्यात कठोर गोष्ट एकच. समोरचा बोलत असताना आपल्या डोळ्यांवर हात ठेवायचा. मग त्यानं कितीही हात हलवावेत, बोलणं संपलं.

सेर्वा हॅम्बुर्गला कचेऱ्या झाडायच्या कामावर निघाली तेव्हा डुफीनं तेच केलं. तिला पोरीनं जायला नको होतं. फाटकाशी टॅक्सी उभी, सेर्वाचे हात काकुळतीला येऊन बोलतायत, आणि डुफीनं डोळ्यांवर हात घट्ट दाबून धरलेला. सेर्वानं तो हात ओढून बघितला, पण सुटेना. डुफीनं हात खाली घेतला तेव्हा रस्त्यावर धूळ होती. पुढची तीन वर्षं दर रविवारी त्या दोघी फोनवर एकमेकींना बघून बोलल्या. थंडी, कोट, काय खाल्लं, कोणाचं लग्न झालं. त्या दिवसाचं मात्र कोणी काढलं नाही. डुफी मला म्हणायची, या रविवारी क्षमा मागणार. रविवार यायचा आणि तिचे हात भाजीच्या भावाबद्दल बोलून परत मांडीवर यायचे.

आता नेटचं सांगते, कारण ते माझ्यापासून सुरू झालं. वोफानं घरात नेट आणलं होतं आणि आठही खोल्यांना दिलं होतं. चार नंबरच्या खोलीत ओसोफो न्यामेचे राहतो. ओसोफो म्हणजे पाद्री, पण याला चर्च नाही, फोन आहे. रोज दुपारी फोन खिडकीत टेकवून तो आपली प्रार्थना जगभर थेट दाखवायचा. तो 'हालेलुया' म्हणाला की माझ्या फोनवर गोल गोल चक्र. गिऱ्हाईक कापडाचा फोटो पाठवतंय आणि मी चक्र बघतेय. एके दिवशी मी अंगणाच्या मधोमध उभी राहिले आणि म्हटलं, "वोफा, घरातलं सगळं नेट हा माणूस देवाला पाठवतो. आम्ही काय इथं जागा अडवायला राहतो का?" बाकीच्या खोल्यांनाही कंठ फुटला.

वोफानं ते मनावर घेतलं. तीन दिवस तो आडुम बाजारातल्या दुकानांतून फिरला, तिसऱ्या दिवशी मला बरोबर नेलं. आधीचा राउटर कंपनीनं दिलेला, त्यात पासवर्ड बदलण्यापलीकडे काही जमत नव्हतं. एका दुकानात दाखवलेल्या राउटरमध्ये पोरांचं नेट ठराविक वेळी बंद करता यायचं. वोफा म्हणाला, मला कोणाचं बंद करायचं नाही. दुसऱ्यात एका फोनला सगळ्यांच्या पुढे बसवता येत होतं. वोफा उठूनच उभा राहिला, म्हणाला, पुढे-मागे माझ्या घरात कोणी नाही. तिसऱ्या दुकानात तो स्टुलावर दोन तास बसला. दुकानदार थट्टेनं म्हणाला, म्हातारबा, राउटर घेताय की सून बघताय? पण त्याच्याकडे हवा तो निघाला. प्रत्येक फोन नावानं दिसणार, आणि प्रत्येकाला दोन आकडे लावता येणार. एक बाहेरून येणाऱ्याचा, एक घरातून जाणाऱ्याचा.

घरी आल्यावर चष्मा नाकावर घेऊन तो आकडे लावायला बसला. येणारं त्यानं भरपूर ठेवलं. ओसोफोचं जे काही होतं ते सगळं जाणारं होतं, म्हणून जाणारं आवळायचं ठरलं.

मी म्हटलं, "मग त्याच्या एकट्याचं आवळा. बाकीच्यांना कशाला?"

"एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं असं माझ्या घरात झालेलं नाही, कोनाडू. आणि या घरातून बाहेर जातं तरी काय? आपण बोलतो, बोलण्याला किती लागतं? सगळ्यांना सारखं."

मलाही ते पटलं. खरं म्हणजे ओसोफोची जिरणार याचाच मला आनंद होता.

त्याच आठवड्यात ओसोफो रडत आला. त्याचे भक्त म्हणत होते की आवाज येतो, पण पाद्रीबाबांचा हात वर गेला की तिथेच अडकतो, पाच-पाच मिनिटं खाली येत नाही. सगळं अंगण खो खो हसलं. वोफा म्हणाला, "तोंडानं उपदेश कर ना बाबा. हातांचं काय काम?"

हे वाक्य आम्ही सगळ्यांनी ऐकलं. हसताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. डुफी दारात बसून केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, पानांतून सोडत होती, आम्ही हसतोय बघून तीही हसली.

त्या रविवारी सेर्वाचा फोन आला तो हॉस्पिटलमधून. पोटात गाठ होती, सकाळी ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात साधं आहे, असं तिनं हातांनी सांगितलं. नव्या राउटरमुळे चित्र असं लख्ख की उशीच्या अभ्र्याची शिवण मला दिसत होती. डुफीनं फोन पाण्याच्या पिंपावर टेकवला, पदर खोचल्यासारखं कापड कमरेला घट्ट बांधलं आणि सांगून टाकलं. मी शेजारी बसून बघत होते. त्या दिवशी मी डोळे झाकले, असं ती म्हणाली. हात डोळ्यांवर नेऊन तिनं दाखवलं. मग हात काढून, तुझी गाडी दिसेनाशी झाली तरी मी फाटकात उभी होते. मी वाईट आई. माझे डोळे तुझ्यावर उघडे आहेत, रोज. तिला बराच वेळ लागला. पलीकडे सेर्वा रडत होती आणि मान डोलवत होती, डोलवतच होती.

फोन ठेवल्यावर डुफीनं माझ्या पाठीत एक सणसणीत धपका घातला. मग रताळं कुस्करून, पामतेल घालून, वर अंडी ठेवून शुभाच्या दिवशी करतात तसा एतो केला आणि सगळ्यांना वाटला. मी माझा वाटा उभ्यानं खाल्ला आणि शिवलेला झगा पोचवायला गेले. तेवढी एक गोष्ट मी केली नसती तर!

सोमवारी ऑपरेशन झालं. रक्त थांबलं नाही. मंगळवारी सकाळी वोफाच्या फोनवर तिकडच्या बाईचा आवाज आला, आणि ही गोष्ट डुफीला दहा-बारा खुणांत कशी सांगायची हे त्याला कळेना, म्हणून ती मी सांगितली. ते मी लिहिणार नाही.

आठव्या दिवशी अंगणात खुर्च्या मांडल्या. दुखवट्याच्या काळ्या-तांबड्या कापडातली माणसं येत होती. डुफी येणाऱ्या प्रत्येकाचा हात धरून त्याला समोर बसवत होती आणि एकच गोष्ट सांगत होती, आणि ती तोंडानं सांगायचं काम माझं. मी डोळे झाकले होते, जाण्याआधी तिला सगळं सांगितलं, तिनं मान डोलवली, पोरीनं माफ केलं. बायका म्हणत होत्या, देवानं एवढं तरी केलं. चौथ्या-पाचव्या वेळी वोफा जवळ येऊन उभा राहिला. बहीण त्या रविवारी काय बोलली ते त्याला तेव्हा पहिल्यांदा माझ्या तोंडून कळलं.

त्यानं मला खोलीत बोलावलं. राउटरचं पान फोनवर उघडलेलं होतं. डुफीच्या नावापुढे दोन आकडे, येणाऱ्याचा मोठा आणि जाणाऱ्याचा लहान. त्यानं लहानावर बोट ठेवलं आणि खाटेवर बसला.

"तू झगा द्यायला गेलीस ना, तेव्हा सेर्वाचा मला फोन आला होता. साधा, बोलण्याचा. म्हणाली, 'वोफा, आईचं चित्र अडकलं होतं. हात डोळ्यांवर होता, शेवटपर्यंत. अजून डोळे झाकलेत का तिनं माझ्यावर?'"

मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले.

"मी म्हटलं, तसं नसेल गं, तिकडचं नेट खराब असेल. उद्या बरी झालीस की परत बोला. ती म्हणाली, 'मी नुसती मान डोलवली, तिला वाईट वाटू नये म्हणून.'" त्यानं परत त्या लहान आकड्यावर बोट ठेवलं. "तिकडचं नव्हतं, कोनाडू. इथलं होतं. मी केलेलं होतं."

मी म्हटलं, ओरड तर माझी होती. त्यानं ते ऐकलंच नाही. तिला सांगायला पाहिजे, असं तो म्हणत राहिला. खोटं मी आयुष्यात बोललो नाही, पण एवढं खुणांनी सांगणं माझ्या हातांना येत नाही, तू सांग. मी नाही म्हटलं. तो मालक आहे, वयानं बापासारखा आहे, तरी मी त्याच्या तोंडावर नाही म्हटलं.

आमचं हे चाललेलं असताना डुफी दारात आली. भावाचा चेहरा बघून जवळ बसली. त्याच्या हातातल्या फोनला बोट लावून विचारलं, त्या दिवशी नंतर ती तुझ्याशी बोलली ना? मी बघितलं तुला. काय म्हणाली?

वोफाला खूण कळली. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी माझे हात मांडीखाली घेतले. भाषांतर करायला कोणी नव्हतं. त्यानं हात उचलला. दोन बोटं आपल्या डोळ्यांपासून पुढे नेली आणि तळहात उघडला. पाहिलं. सगळं पाहिलं.

डुफीनं परत विचारलं, त्यानं परत सांगितलं. तिनं त्याचा हात धरून आपल्या गालाला लावला, आणि तेव्हा तो म्हातारा मोठ्यानं रडला. तिला ऐकू येत नाही म्हणून एवढ्या मोठ्यानं.

राउटरचे आकडे त्यानं त्याच दिवशी काढून टाकले. ओसोफो आता दिवसभर देवाला नेट पाठवतो, कोणी काही म्हणत नाही. वोफा संध्याकाळी माझ्या यंत्रापाशी बसून खुणा शिकतो. साठी उलटलेल्या माणसाची बोटं, लवकर वळत नाहीत. पण रविवारी डुफी त्याच्यासमोर बसते आणि तेच विचारते, आणि दर वेळी त्याला थोडं जास्त सांगावं लागतं. सेर्वा म्हणाली, आई छान दिसत होती. म्हणाली, फाटकात उभ्या असलेल्या तुला मी टॅक्सीतून बघत होते. सांगून झालं की तो माझ्याकडे बघतो, खुणा बरोबर झाल्या का म्हणून, आणि मी होकार देते.