सपरीच्या भिंतीवरचे रस्ते

तार आली तेव्हा मी नुकतीच शाळेतून शिकवून येऊन स्टोव्हला पिन मारत होते. पोस्टमननं सही घेतली, कागद हातात दिला आणि माझ्या तोंडाकडं न बघता सायकल वळवली. ‘वहिनीची प्रकृती गंभीर, ताबडतोब निघा.’ आमच्याकडं तारेत असं आलं की माणूस गेलेलंच असतं, हे मला माहीत होतं. तरी भंडाऱ्याहून पवनीकडं जाणाऱ्या एसटीत बसल्यावर मी पूर्ण वाटभर ‘गंभीर’ हा एकच शब्द धरून बसले. गंभीर म्हणजे आजारी, आजारी म्हणजे अजून आहे... पवनीच्या अलीकडं आमच्या गावच्या फाट्यावर उतरले, तर घ्यायला आलेल्या चुलतभावानं डोक्याला पंचा गुंडाळलेला होता. त्याला काही सांगावं लागलं नाही. कौतिकावहिनी, माझ्या एकुलत्या एका भावाची बायको, आठ दिवसांच्या काविळीत गेली होती. तिला चाळिशीही लागली नव्हती.

याला आता सहा आठवडे होतील. तिच्याबद्दल लिहायला बसले की मला पहिल्यांदा आठवते ती भीती. आमच्या घरात आम्ही सगळे भीत होतो, पण वहिनी जशी भ्यायची तसं भिणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. आणि भिऊनही ती जे करायची, ते करणारं माणूसही पाहिलं नाही.

ती लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा मी सातवीत होते. दादा तेव्हा भंडाऱ्याच्या एका शेठच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. राइस मिलचे तांदूळ घेऊन गाडी रायपूर, संबलपूर करत थेट कलकत्त्यापर्यंत जायची. जायला-यायला बारा-पंधरा दिवस लागायचे. त्या काळात गावात फोन नव्हता. गेलेला माणूस परत येऊन अंगणात उभा राहीपर्यंत तो आहे की नाही, हे कळायला काही मार्ग नसे. वहिनी कधी शाळेत गेली नव्हती. माहेराहून सासरी आली, एवढाच तिचा प्रवास. दादा निघाला की तिचं जेवण तुटायचं. रस्त्यावर कुठं ट्रक उलटल्याची बातमी गावात आली, की ती हातातलं काम ठेवून विहिरीपाशी जाऊन बसायची.

दादा परत आला की मात्र ती त्याला अंघोळीचं पाणी देतादेताच विचारायची, ‘‘वाटेत काय काय लागते, सांगा ना.’’ सुरुवातीला तो हसायचा. मग सांगायला लागला. कारध्याचा पूल ओलांडला की लाखनी, साकोली, देवरीचं जंगल. रायपूरच्या समोर, म्हणजे पुढं गेल्यावर, मोठी नदी, तिच्यावर संपता संपत नाही असा पूल. मग रस्त्याच्या कडेला जोडीनं असलेल्या दोन विहिरी. मग बसलेल्या हत्तीसारखी एक टेकडी. तिच्या पायथ्याशी चिंचेखाली एक ढाबा, निळ्या दाराचा, तिथली बाई चांगली आंबट डाळ वाढते... हे सगळं ऐकून वहिनी दुसऱ्या दिवशी सपरीच्या, म्हणजे ओसरीच्या, भिंतीपुढं बसायची. पांढऱ्या मातीनं सारवलेली भिंत. गेरू, नीळ, हळद, कंदिलाची काजळी, आणि शिंदीची काडी चावून केलेला कुंचला. लग्नकार्यात भिंतीवर मोर आणि वरात काढणाऱ्या बाया आमच्याकडं पुष्कळ. वहिनी शहरं काढायची. तिचं रायपूर म्हणजे चार कमानी, कमळांचं तळं आणि रांगेनं दिवे. कलकत्त्याला तिनं एवढी माणसं काढली होती की त्यांना पाय ठेवायला जागा उरली नव्हती. आणि सगळ्या शहरांमधून गेरूचा तांबडा रस्ता, आमच्या दारापासून निघालेला.

एक नेम तिनं कधी मोडला नाही. दादा परत आल्याशिवाय ती त्या खेपेतलं काही भिंतीवर काढत नसे. माय एकदा म्हणाली, ‘‘मोकळी बसली आहेस तं काढ ना काही.’’ वहिनीनं कानावर हात ठेवले. ‘‘नोको माय. आंधी त्याले येऊ द्या. अधवट रस्ता घरात कायले ठेवाचा?’’

रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत हीच शहरं तिच्या गाण्यात यायची. भाताच्या बांधीत ओळीनं वाकलेल्या बाया धानाचे पऱ्हे रोवायच्या आणि वहिनी पुढं म्हणायची,

रायपूरच्या समोर बाई, नदी किती रुंद गं
माह्या धन्याच्या गाडीचा, दिवा झाला मंद गं

पुढं एकेका कडव्यात दोन विहिरी यायच्या, हत्तीची टेकडी यायची, चिंच यायची. बाया मागून ओढून म्हणायच्या. दोन वर्षांत ते गाणं नदीकाठच्या गावांत पसरलं. मायला ‘दिवा झाला मंद’ हे मुळीच आवडायचं नाही. ‘‘अभद्र बोलू नोको,’’ ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभी राहून ओरडायची. वहिनी ती ओळ तिथंच सोडायची, आणि पुढच्या कडव्याला पुन्हा तेच.

मी नववी पास झाले त्या वर्षीच्या भादव्यात दादा आला नाही.

पंधरा दिवस गेले, वीस गेले. बाविसाव्या दिवशी कळलं की गाडी तर भंडाऱ्याला कधीच आली आहे. आणली ती दुसऱ्या ड्रायव्हरनं. लांबच्या खेपेला दोघं असायचे. बाबांना दम्यामुळं अंगणापलीकडं जाववत नव्हतं, म्हणून वहिनी आणि मी शेठकडं गेलो. तो दुसरा ड्रायव्हर तिथंच होता. ‘‘तो उतरला तिकडंच,’’ तो म्हणाला. ‘‘म्हणे मी मांगून येतो.’’

‘‘तिकडं म्हंजे कोठी?’’ वहिनीनं विचारलं.

‘‘रायपूरच्या समोर कोठीतरी. ध्यानात नाई.’’

तो खाली बघत बोलत होता. शेठ म्हणाले, येईल, वाट पाहा. पण गावात पोचेपर्यंत लोकांनी अर्थ लावलाच होता. धडधाकट माणूस मधेच उतरतो, मागून येतो म्हणतो आणि येत नाही, म्हणजे काय ते सांगायला पाहिजे का? ड्रायव्हर लोकांची तऱ्हाच अशी. विहिरीवर कुणीतरी हे वहिनीला ऐकू जाईल इतक्या आवाजात बोललं. त्या दिवशी ती घरी आली आणि सपरीच्या भिंतीपुढं दुपारभर नुसती उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मायला म्हणाली, ‘‘शशीले माह्यासंग द्या. तिले हिंदी वाचता येते. मी जाऊन पाह्यतो.’’

मी कधी नागपूरही पाहिलं नव्हतं. कारध्याच्या पुलावरून बस निघाली तेव्हा खाली वैनगंगा दुथडी भरून चालली होती आणि वहिनीनं माझं मनगट धरलं. ते तिनं दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. देवरीच्या पुढं जंगलात बस बंद पडली, दोन तास. रायपूर आलं तेव्हा तिथं कमानी नव्हत्या, कमळं नव्हती. धूर होता, चिखल होता आणि आमच्या अंगावरून चालल्यासारखी माणसं होती. एक माणूस ‘कहाँ जाना है, बहनजी’ म्हणत आमच्या मागं मागं फिरला. आम्ही एका फळवालीच्या टोपलीमागं जाऊन बसलो तरी तो समोर उभाच. शेवटी त्या फळवालीनंच त्याला हाकललं. वहिनीचे दात वाजत होते. तरी ती मला म्हणत होती, ‘‘तू भेऊ नोको हं, बाई.’’

सकाळी पुढची बस मिळाली. कंडक्टरनं विचारलं, कुठलं तिकीट? मी वहिनीकडं पाहिलं. गाव तिला ठाऊकच नव्हतं. मी सरायपालीची दोन तिकिटं मागितली, कारण तेवढं एक नाव दादाच्या बोलण्यात ऐकलेलं होतं. बस सुरू झाली आणि वहिनी खिडकीला तोंड लावून पुटपुटायला लागली. ती देवाचं काहीतरी म्हणत असेल असं मला वाटलं. कान दिला तर ते रोवणीचं गाणं होतं. लांबच लांब पूल आला, खाली खूप रुंद नदी. तिनं पहिलं कडवं संपवलं. मग पुष्कळ वेळ काहीच नाही, नुसती धानाची बांधी आणि जंगल. ती तेच कडवं परत परत म्हणत होती, पुढं जायला तयार नव्हती. मग एकदम तिनं माझं मनगट दाबलं. रस्त्याच्या उजव्या हाताला दोन विहिरी होत्या, अगदी जवळजवळ.

मला त्या क्षणी आनंद व्हायला हवा होता. पण खरं सांगते, झाला नाही. तोवर कुठंतरी मनात होतं की काहीच सापडणार नाही आणि आपण घरी जाऊ. आता ते सापडत चाललं होतं.

टेकडी दिसताच वहिनी उठून उभी राहिली आणि ‘रोको, रोको’ म्हणून ओरडली. कंडक्टर वैतागला, ‘‘यहाँ कौन उतरता है?’’ बस आम्हाला सोडून निघून गेली. आजूबाजूला माणूस नाही. अर्धा कोस चाललो असू. वळणावर चिंच दिसली, चिंचेखाली कवेलूचं कौलारू छप्पर, बाहेर दोन बाजा टाकलेल्या. पण दार निळं नव्हतं. हिरवं होतं. वहिनी रस्त्याच्या अलीकडंच थांबली.

‘‘हे नाई,’’ ती म्हणाली.

‘‘रंग बदलवला असन, वहिनी.’’

‘‘शशी, तू जाऊन पाह्य आंधी.’’ तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ‘‘मी इथंच राह्यतो. तू पाह्य आन् मले सांग.’’

पंधरा वर्षांच्या पोरीला तिनं एकटीला पाठवलं. मी रस्ता ओलांडला. आत चुलीपाशी एक बाई होती, पन्नाशीची, दोन्ही हात कोपरापर्यंत पोळल्याच्या डागांचे. मी दादाचं नाव घेतलं. तिनं हातातला डाव खाली ठेवला, माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाली, ‘‘कब से राह देख रहे हैं. किसी को चिट्ठी लिखना नहीं आता यहाँ.’’ मागच्या पडवीत खाटेवर दादा होता. मी त्याला ओळखलं नाही. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले, हाडांवर नुसतं कातडं. ताप मेंदूत गेला होता. त्या दुसऱ्या ड्रायव्हरला माल वेळेवर पोचवायची घाई होती, म्हणून तो दादाला तिथं उतरवून निघून गेला होता. बाईनं वीस दिवस पेज पाजून त्याला जगवलं होतं. तो बोलत नव्हता. आपलं गाव कोणतं हेही त्याला सांगता येत नव्हतं.

मी बाहेर येऊन ओरडले, ‘‘आहे, वहिनी! बिमार आहे, पन आहे!’’ रस्त्याच्या पलीकडं वहिनी मटकन खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. मग उठून आत आली. दादाकडं जायच्या आधी तिनं त्या बाईचे पाय धरले.

तांदूळ उतरवून परतणाऱ्या एका ट्रकवाल्यानं आम्हाला थेट भंडाऱ्यापर्यंत आणलं. दादा बरा व्हायला होळी उजाडली. उजव्या कानानं त्याला पुन्हा ऐकू आलं नाही, आणि त्यानं पुन्हा गाडीला हात लावला नाही. घरच्या धानातच राबला. वहिनीनं त्या खेपेचा रस्ता भिंतीवर काढला. ढाब्याचं दार निळंच ठेवलं. आधी तिनं तिथं डाव घेतलेली बाई काढली होती, बिनतोंडाची, आणि आम्ही कुणी कधी विचारलं नव्हतं की काहून? त्या दिवशी तिनं काजळीनं तिला डोळे काढले, ओठ काढले आणि हातांवर डाग काढले. त्यानंतर तिनं नवं शहर काढलं नाही. दरवर्षी दिवाळीआधी तेच रस्ते उजळायची.

मागच्या दिवाळीनंतर ती माझ्याकडं भंडाऱ्याला दोन दिवस आली होती. मी तांदूळ निवडत होते, ती शेजारी बसली होती. कशावरून निघालं आठवत नाही, पण मी सहज म्हणाले, ‘‘वहिनी, तेव्हा तुले वाटलं ना, का दादा गेला असन? म्हणून तू रस्त्यावर थांबली.’’ तिनं सूप आपल्याकडं ओढलं.

‘‘नाई शशी,’’ ती म्हणाली. ‘‘मेला असता तं मी रडली असती, आन् घरी आली असती. मले भेव होतं का तो चांगला असन. खाटेवर बसून जेवन करून राहिला असन, आन् ते बाई त्याले वाढून राहिली असन. तं मंग मी काय केलं असतं?’’ सुपातले दोन खडे तिनं उचलून टाकले. ‘‘तू बिमार आहे म्हनलं, तं मले केवढा आनंद झाला. स्वतःचा नवरा मराले टेकला, आन् मले आनंद झाला... त्या आनंदाचंच भेव वाटते मले. अजून वाटते. देव ध्यानात ठेवते का गं असं?’’

मी हसून म्हणाले, वेडी आहेस का. तिला हवं होतं ते उत्तर हे नव्हतं, हे मला तेव्हाही कळलं होतं.

तेरावं झाल्यावर पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायची होते. दादा सपरीत बाजेवर बसला होता, डावा कान माझ्याकडं करून. मी पिशवी घेऊन त्याच्यापाशी टेकले. तो म्हणाला, ‘‘तिले शेवटी खूप भेव वाटत होतं. माहा हात धरून विचारे, वाटेत काय काय लागते, सांगा ना. सांगा ना.’’

‘‘मंग तू काय म्हनला?’’

‘‘म्या कारध्यापासून सुरू केलं,’’ दादा म्हणाला. ‘‘लाखनी, साकोली, देवरी... मले तेवढाच रस्ता मालूम होता ना, शशी. रायपूरच्या समोरच्या पुलापर्यंत आली अन् तिनं हात सोडला.’’

फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. तो त्याला ऐकू आला नसावा. मी पिशवी खाली ठेवली आणि ती गाडी जाऊ दिली.