हेल्मीवहिनीचा सहा डिसेंबर

मंगलाबाईंचा फोन सकाळी सातला आला, तेव्हा मी गॅसपाशी दुधावर लक्ष ठेवून उभी होते. मंगलाबाई म्हणजे अमरावतीला राहणाऱ्या माझ्या वहिनीची शेजारीण. "ताई, लवकर या. वहिनी उठून नाही राहिल्या," एवढंच त्या बोलल्या. अकोल्याहून निघाले खरी, पण गॅस बंद केला की नाही हे मूर्तिजापूर मागे पडलं तरी आठवेना. पोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं. वहिनी झोपेतच गेली होती. चष्मा उशाशी, पांघरूण हनुवटीपर्यंत नीट ओढलेलं... आपल्यापायी कुणाला तोशीस पडू द्यायची नाही हा तिचा हेका होता, तो तिनं शेवटपर्यंत चालवला. नोव्हेंबरचा मध्य होता. सहा डिसेंबरला तीन आठवडे उरले होते. मी ते तिथंच बोटांवर मोजले.

माझा मोठा भाऊ, अरुणदादा, स्कॉलरशिपवर फिनलंडला गेला होता. लाकडापासून कागद कसा करतात ते शिकायला. चार वर्षांनी आईला लकवा मारला, म्हणून तो परत आला, तो हेल्मीला सोबत घेऊनच. चांदूर बाजारहून झाडून सगळे नातेवाईक तिला पाहायला आले होते. एवढी गोरी, एवढी उंच आणि एवढी गप्प बाई आमच्या खानदानात कुणी पाहिली नव्हती. आईनं पहिल्याच दिवशी तिची हेमी करून टाकली. आईचं अर्धं अंग गेलेलं, पण जीभ शाबूत. दिवसभर खाटेवरून तिचा सुनेला हुकूम चालायचा, आणि त्या हुकमांतूनच वहिनी भाषा शिकली. त्यामुळं ती मराठी बोलायची ती अस्सल आईची, वऱ्हाडी. दादा शिकवायचा त्या कॉलेजात पुण्याहून आलेले एक साहेब तिला इंग्रजीत 'कसं वाटतं इथं' विचारायला गेले, तर ही म्हणाली, "मले कायले काय वाटते? सासू चांगली हाय, ऊन खराब हाय." साहेबांना चहा गिळता येईना. पंधरा ऑगस्टला कॉलेजच्या झेंडावंदनाला निघायचं तर पांढरी साडी नेसून आमच्या आधी दारात तीच उभी असायची. मुलंबाळं झाली नाहीत. आई गेली, आणि बारा वर्षांपूर्वी दादाही गेला. तेव्हा मी तिला म्हटलं होतं, आता तुझ्या माणसांत परत जा. ती म्हणाली, "तिथं आता मले कोण वळखते? इथं दूधवाला तरी वळखते."

सहा डिसेंबर, महापरिनिर्वाण दिन, हा आमच्या घरातला सगळ्यात जड दिवस. आई त्या दिवशी सकाळपासून कुणाशी बोलत नसे. संध्याकाळी पुतळ्यापाशी जायचं, मेणबत्ती लावायची, वंदना म्हणायची, आणि गुमान घरी यायचं. वहिनी आली त्या पहिल्याच वर्षी सहा डिसेंबरला संध्याकाळी सहाच्या ठोक्याला तिनं समोरच्या खिडकीत दोन मेणबत्त्या लावल्या. कुणी सांगितलं नव्हतं. आईनं खाटेवरून ते पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. मला म्हणाली, "पाय वं, न शिकवता शिकली पोरगी." तेव्हापासून ते दरसालचं झालं. मोहल्ल्यातली माणसं जाता-येता त्या खिडकीपाशी थांबून हात जोडायची. दादा मात्र यावर कधी काही बोलला नाही, नुसता हसायचा. त्या हसण्याचा अर्थ विचारावा असं मला कधी वाटलं नाही.

माझं लग्न होऊन मी अकोल्याला गेले, तिथंच शाळेत शिकवलं, मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाले. माइक हातात आला की मला स्टेजवरून उतरवायला दोन माणसं लागतात, हे मी स्वतःच कबूल करते. आमच्या विहारातल्या सहा डिसेंबरच्या कार्यक्रमात माझं भाषण ठरलेलं, आणि भाषणात हेल्मीवहिनीही ठरलेली. "सातासमुद्रापलीकडून आलेली माझी वहिनी आज या घटकेला अमरावतीत खिडकीत दोन मेणबत्त्या लावून बसली असेल..." इथं हमखास टाळ्या पडायच्या. दादा गेल्यावर एका वर्षी मला वाटलं, नुसतं सांगायचं कशाला, तिलाच आणू. तिला अकोल्याला आणलं, स्टेजवर बसवलं, सत्कार केला, शाल पांघरली. ती सारखी मनगटावरच्या घड्याळाकडं पाहत होती. मला रागच आला. एवढी माणसं कौतुकानं बघताहेत आणि हिला परतीच्या गाडीची पडली आहे! कार्यक्रम आटोपायला साडेआठ झाले. गाडीत ती खिडकीबाहेर बघत बसली आणि शाल घडी घालून तशीच मांडीवर ठेवून होती.

तीन वर्षांपूर्वी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन अमरावतीला झालं, ते नेमकं चार डिसेंबरला. डॉक्टरांनी प्रवासाला आणि गर्दीला मनाई केली. सहा तारखेला मी अकोल्यात नाही, असं तीस-पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच होत होतं. एका डोळ्यावर पट्टी बांधून मी दिवसभर वहिनीच्या घरात कुरकुरत बसले. वहिनीनं वेलदोडा घालून कणीक मळली आणि गल्लीच्या टोकाच्या बेकरीत भाजायला दिली. दिवाळीला बायका नानकटाई नेतात ना, तशी. संध्याकाळी गोड पाव आला, कॉफी झाली. सहा वाजता तिनं मेणबत्त्या लावल्या. मी उभी राहून त्रिशरण-पंचशील म्हटलं, तिनंही शब्द न चुकता साथ दिली. मी खाली बसले तरी ती उभीच. तोंडातल्या तोंडात काहीतरी संथपणे म्हणत होती.

"हे कोनतं सुत्त वं?" मी विचारलं.

"सुत्त नोहे," ती म्हणाली. "आमच्या देशाचं गाणं हाय. आज आमचा पंधरा ऑगस्ट असते, शीला."

मग तिनं सांगितलं. तिकडं या दिवशी मिरवणुका-बिरवणुका फार नाहीत. बर्फ असतो, दुपारीच अंधारून येतं. लोक लढाईत गेलेल्यांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात आणि संध्याकाळी सहापासून आठपर्यंत प्रत्येक घराच्या खिडकीत दोन जळतात. फार पूर्वी अशा दोन मेणबत्त्या दिसल्या की वाटसरूनं समजायचं, या घरात आसरा आहे, असं तिची आजी सांगायची. दादाला हे सगळं ठाऊक होतं. दुसऱ्या वर्षापासून एक तो लावायचा, एक ती. तो गेल्यावर दोन्ही तीच लावत होती.

माफी मागायची मला सवय नाही. मी आवाज चढवला. "मंग इतकी वर्सं सांगतलं काहून नाही? मी मुलखाले भाषणं देत सुटली!"

"तुमच्या घरात तो रडाचा दिवस," ती म्हणाली. "सासूबाई सकाळपासून बोलत नव्हत्या. मी नवी सून... मी काय म्हनू, आज माह्याकडं खुशी हाय?" मग म्हणाली, "तुमच्यासाठीबी हात जोडतच होती नं मी. ते काही खोटं नोहतं. पन त्या साली तुह्या स्टेजवर सहा वाजून गेले, आठ वाजून गेले. पहिल्यांदाच खिडकी अंधारात राहिली. वरून तू मले शाल देली. मले वाटलं, ही शाल मी चोरून आनली."

एका डोळ्यानं रडता येत नाही म्हणतात, ते खोटं आहे. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "पुढच्या सालापासून दर सहा डिसेंबरले मी इथं. पक्कं. पाव खाऊ, कॉफी पिऊ, तुह्यं गानं शिकव मले." आमची वहिनी दात दाखवून हसणारी नव्हती. तेव्हा हसली. इतक्या वर्षांत तिच्या दिवसाला तिच्या जोडीला बसणारं दादानंतर कुणीतरी मिळालं होतं. "हे कोनाले सांगत नोको बसू," एवढंच म्हणाली, आणि मीही ते गुपित मोठ्या मानानं पोटात ठेवलं.

पुढच्या वर्षी मला महिला मंडळाची अध्यक्ष केलं. अध्यक्षच गैरहजर कशी राहणार? मी साडेपाचला मंडपातून फोन लावला, तर मागं पोरांचं "हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग" चाललेलं. तिला माझं एक अक्षर कळलं नसावं. "तू काम कर, मंग बोलू," ती म्हणाली. त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे मागच्या वर्षी, मी फोनही विसरले. सात तारखेला चहा पिताना आठवलं. फोन लावला तर ही म्हणते, "राहू दे वं. मीबी यंदा इसरूनच गेली होती." मला इतकं हायसं वाटलं की पुढची पंधरा मिनिटं मी तिला माझ्याच कार्यक्रमाचं वर्णन ऐकवलं.

यंदा मी मंडळाला सांगून टाकलं, मी नाही. सकाळी अकोल्याच्या पुतळ्याला अभिवादन केलं आणि दुपारच्या बसनं अमरावती गाठली. कुलूप काढलं. तीन आठवड्यांत घराला कोंदट वास यायला लागला होता, पण स्वयंपाकघरात कॉफीचा वास तसाच होता. मेणबत्त्या आणल्या होत्या, माचिस विसरले. सहाला पाच कमी असताना मंगलाबाईंना हाक मारली. त्या माचिस घेऊन आल्या आणि दारातच म्हणाल्या, "आल्या बाप्पा यंदा तरी."

"यंदा तरी म्हणजे?"

"मागच्या दोनी साली वहिनीनं या दिवशी दुपारपासून दाराची कडी काढून ठेवली होती. एरवी भर दिवसा कडी लावून बसनारी बाई. मी म्हटलं, थंडी आत येऊन राहिली, दार लावा. तर म्हने, माही ननंद येनार हाय, तिले बाहेर उभं राहावं नोको लागाले. आठ वाजेलोक दोन कप मांडून बसली."

"मागच्या सालीबी?"

"मागच्या सालीबी."

म्हणजे ती विसरली नव्हती. माझी लाज राखायला ती खोटं बोलली होती, आणि मी ते खोटं आनंदानं घेतलं होतं. मेणबत्त्या मंगलाबाईंनीच लावल्या. मग त्या खुर्चीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "पन ताई, असते तरी काय हे? आमी समजत होतो तुमच्या महापरिनिर्वाणाचं हाय." मी सांगितलं. तिनं नको म्हटलं होतं, तरी सांगितलं. फिनलंड, बर्फ, खिडकीतल्या दोन मेणबत्त्या, स्टेजवरची ती शाल, माझा शब्द, सगळं सांगितलं. त्या पदर तोंडाला लावून ऐकत होत्या.

"मंग मले एक फोन कराचा होता नं तुमी," त्या म्हणाल्या. "मी येऊन बसली असती. मले कायचं काम असते संध्याकाळी? माही भाजी मी तिच्याजवळ बसून निवडली असती..."

दार उघडं होतं आणि गार वारा आत येत होता. मंगलाबाई उठून घरी गेल्या, मेथीच्या दोन जुड्या आणि परात घेऊन परत आल्या आणि खिडकीखाली बसल्या. एक जुडी त्यांनी माझ्यापुढं सरकवली. आठ वाजेपर्यंत आम्ही दोघी मेथी निवडत बसलो.