तीन कॅमेरे आणि आईची जागा

आमच्या घरात कॅमेऱ्यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी जमिनीवरूनही झाली नाहीत, आणि जमिनीवरून आमच्याकडचे लोक कसे भांडतात ते आज नवी मुंबईत राहणाऱ्या कुणालाही विचारावं. तेव्हा नवी मुंबई नव्हती. मोऱ्याचं बंदर होतं, मिठागरं होती, पनवेल आम्हाला शहर वाटायचं आणि मुंबई म्हणजे लाँचमधून जायची जागा होती. साठ सालच्या आगेमागेची ही गोष्ट. मी नुकतीच प्राथमिक शाळेत शिकवायला लागले होते. मला तेव्हा सगळ्या जगाचा राग यायचा, आणि त्या जगात घरचे सगळ्यात पुढे असायचे.

मामाकडे लष्कराच्या लिलावातली एक जीप होती. आधी तो लाकडाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता आणि थेट चांद्याच्या जंगलातून माल आणायचा. घरी आला की वाघाच्या गोष्टी सांगायचा. एका दिवाळीत त्याने ठरवूनच टाकलं की शिमगा झाला की जीप काढायची आणि पुणे, नागपूर करत सगळ्यांनी जंगलात जायचं. बाबा शिडाच्या मचव्यावर तांडेल होते, उभा जन्म पाण्यावर काढलेला माणूस. त्यांनी लगेच होकार दिला. रस्त्यावरच्या पाट्या वाचायला मला घ्यायचं ठरलं. आणि आई येणार होती, कारण तिला यायचं होतं. आयुष्यभर मासे विकलेल्या त्या बाईची एकच इच्छा होती, कुठेही मान वळवली तरी पाणी दिसणार नाही अशी जागा बघायची. त्यासाठी तिने नवं लुगडं घेतलं होतं आणि वाटेत खायला बोंबील सुकवून ठेवले होते.

मग बाबांच्या डोक्यात कॅमेरा शिरला. आपण वाघ बघितला असं नुसतं सांगितलं तर बंदरावरचे लोक हसतील, असं त्यांना वाटलं. ते खरंही होतं, कारण बाबांनी आजवर पाहिलेले मासे सांगताना फार मोठे व्हायचे. तेव्हा फोटो पाहिजेच.

मचव्यावरचा माणूस कुठलीही वस्तू एकटी घेत नाही. शीड फाटलं तर दुसरं शीड, दोर तुटला तर दुसरा दोर. त्यामुळे बाबांनी आधी एक डबा कॅमेरा मिळवला, साधा, बटण दाबायचा. तो बिघडला तर म्हणून घडीचा, पुढे भाता असलेला दुसरा. आणि ते दोन्ही बिघडले तर म्हणून पनवेलच्या एका स्टुडिओवाल्याकडून त्याचा जुना लाकडी कॅमेरा, तिपाई, काळं कापड आणि ज्यांवर फोटो उमटतो त्या काचा ठेवायच्या चौकटींसकट आणला. तो दोन माणसांनी उचलून घरात आणला तेव्हा शेजारणीला वाटलं आम्ही देव्हारा घेतला. तिने हातही जोडले.

लाकडी कॅमेरा वाघावर चालेल का, हे बघायला मिठागराच्या बांधावर चाचणी झाली. मामाने पट्ट्यापट्ट्यांची चादर पांघरली आणि तो चार पायांवर चालत आला. बाबा काळ्या कापडात शिरले. कापडाखालून त्यांनी हुकूम सोडला, वाघाने थांबावं. मामा थांबला. मग वाघाने मान इकडे करावी, जबडा थोडा वर घ्यावा, श्वास रोखावा. मामाने सगळं केलं. तेवढ्यात एका कुत्र्याने चादर धरली आणि वाघ शिव्या देत बांधावरून चिखलात गेला. फोटो धुवून आला त्यात स्पष्ट फक्त कुत्रा होता. बाबा खूश झाले. कुत्रा आला म्हणजे वाघ येईल, असं त्यांचं म्हणणं. जंगलातला वाघ इतकं ऐकून घेणार नाही असं मी बोलले, तर मास्तरणीने पाट्या वाचाव्या, असं मला सांगण्यात आलं.

इथपर्यंत ठीक होतं. जीप भरायची वेळ आली तेव्हा आग लागली.

बाबांनी जीप मचव्यासारखी भरायला घेतली. जड माल खाली, हलका वर, आणि दोन्ही बाजू सारख्या. मागे दोन समोरासमोर बाकं होती. एकावर मी बसणार होते, म्हणून मला बंदरावर नेऊन मासळीच्या काट्यावर तोललं. सगळ्या बंदराने माझं वजन मोठ्याने वाचलं. समोरच्या बाकावर लाकडी कॅमेरा आणि काचांच्या पेट्या ठेवल्या, त्या माझ्याहून हलक्या निघाल्या. मचवा रिकामा असला की तो कलंडू नये म्हणून तळाशी दगड भरतात, त्याला नीरम म्हणतात. बाबांनी जीपमध्ये नीरम भरला. बंदरावरचे काळे दगड आणून त्या बाकाखाली रचले. मग ती बाजू जड झाली, म्हणून माझ्या पायाशी दगड आले. मामा डोकं धरून सांगत राहिला की जीपला चाकं असतात, ती घाटात मचव्यासारखी डोलत नाही. बाबांनी घाट पाहिलेला नव्हता, पण वादळ पाहिलं होतं, त्यामुळे त्यांचंच खरं झालं.

जीप भरून झाली. आई ओट्यावरून सगळं बघत होती. ती उठून आली, समोरच्या बाकाकडे बघितलं. तिथे कॅमेरा, तिपाई, पेट्या आणि दगड होते, आणि माझ्या शेजारी आणखी कुणी बसलं तर बाबांचा तोल बिघडणार होता.

"मना बसाला जागा हाय का नाय, तवरा सांगा," ती म्हणाली.

बाबांनी कुठेतरी भलतीकडे बघत सांगितलं की पुढच्या खेपेला नक्की. बोंबलांची पिशवी आईने गुपचूप माझ्या पायाशी, दगडांवर ठेवली. मला इतकी चीड आली की मी पण येत नाही म्हणून सांगितलं. तर बाबा म्हणाले, तू नाही आलीस तर पुन्हा सगळं तोलावं लागेल.

निघायच्या आदल्या दिवशी एवढंच काम राहिलं होतं, मुंबईहून नवीन रोल आणि कोऱ्या काचा आणायच्या. आई रोज मासळी घेऊन लाँचने मुंबईला जायचीच, म्हणून बाबांनी ते तिलाच सांगितलं. जिची जागा काढून घेतली तिलाच कॅमेऱ्याचा माल आणायला पाठवताना माणसाला काही वाटायला हवं. बाबांना वाटलं नाही. आईलाही वाटलं नाही. ती गेली, दुकान शोधलं, माल घेतला आणि संध्याकाळी टोपलीतून घेऊन आली.

टोपली उतरवून ती समाधानाने म्हणाली, "सगला उगडून बगला. एक पन नग खराब नाय."

बाबा हसत होते ते थांबले. आईने मग नीट सांगितलं. काळ्या कागदात गुंडाळून दिलेला माल बघितल्याशिवाय कोण घेतो? माशाचे कल्ले उचलल्याशिवाय तिने कधी पापलेट घेतलं नव्हतं. दुकानात गर्दी होती, म्हणून परत येताना लाँचवर, भर उन्हात, तिने एकेक रोल शेवटपर्यंत सोडून बघितला आणि होता तसा गुंडाळला. काचाही एकेक बाहेर काढल्या. त्यांच्यावर काहीतरी चिकट थर होता, तो तिने पदराला थुंकी लावून घासून काढला. सगळ्याच निघाल्या नाहीत, पण बऱ्याच आरपार दिसायला लागल्या, असं ती म्हणाली.

मामा भिंतीला टेकून खाली बसला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी आईला सांगितलं की त्या मालाला ऊन लागलं की तो मेला. तिचा चेहरा एकदम उतरला. "मंग मना कोनी सांगितला का नाय?" तिने विचारलं. हे मात्र खरं होतं. तीन कॅमेऱ्यांवर चार महिने घरात बोलणं चाललं होतं, पण तिच्याशी कुणीच बोललं नव्हतं.

पहाटे निघायचं होतं, मचव्याची रजा मोजकी होती, नवा माल आणायला वेळ नव्हता आणि वाटेत विकत घ्यायला पैसे उरले नव्हते. मी म्हटलं, आता बाक मोकळं करा. बाबा उठले, कॅमेरा घरात नेऊन ठेवला आणि स्वतः एकेक दगड काढून अंगणात टाकायला लागले. आई नाहीच म्हणत होती, नुकसान केलं आता कुठल्या तोंडाने येऊ म्हणत होती. शेवटी मी तिला दंडाला धरून बसवलं.

जंगलात पोचलो तेव्हा सागाची पानं गळून गेली होती. आईने सगळीकडे मान वळवून बघितलं आणि विचारलं की हे सगळं इथे सुकवायला घातलंय का. पण पाणी कुठे दिसत नव्हतं. ती इतकी आनंदली की मामाला दर मैलाला गाडी थांबवायला लावायची, खाली उतरायची, नुसती उभी राहायची.

तिसऱ्या संध्याकाळी वाघ आला. मामाने इंजिन बंद केलं. वाघ रस्त्याच्या मधोमध येऊन थांबला, मान आमच्याकडे केली, जबडा थोडा वर घेतला. लाकडी कॅमेऱ्यालाही पुरेल इतका वेळ तो उभा होता. मग सावकाश निघून गेला.

आई रडायला लागली. माझ्यामुळे तुमचा फोटो गेला, असं म्हणत राहिली. मला वाटलं आता बाबा काहीतरी बोलणार आणि मी भांडणार. मी तयारच होते.

बाबा पुढच्या सीटवरून वळले. "फोटो काडला असता," ते म्हणाले, "तं तू हितं नसतीस."

आईने पदराने तोंड पुसलं आणि वाघ ज्या बाजूने गेला होता तिकडे बघत बसली. मामाने जरा थांबूनच गाडी सुरू केली.