थोरलीची फुलं, माझी पानं

आमची थोरली जाऊ कुणाच्याही घरी गेली की बूट काढायच्या आधी कुंड्या बघायची. ‘कशी आहेस’ वगैरे नंतर. आधी मनी प्लांटच्या मातीत बोट खुपसायची आणि घरमालकिणीला ऐकवायची, “बुडवलंस की गं याला.” वर घरमालकीण तिचे आभार मानायची. मला हे कधी जमलं नाही, आभार मानणंही नाही आणि झाडंही नाहीत.

कॅनडात, मिल्टनला आमची घरं एकाच वसाहतीत, दोन वळणांच्या अंतरावर. बिल्डर एक, नकाशा एक, बेसमेंटसुद्धा तेवढंच. पण तिच्या खिडकीत भर जानेवारीत कढीपत्ता डोलायचा आणि माझा ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगलाच मान टाकायचा. औषधांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला नोकरी करून रिटायर झाली होती, त्यामुळे झाडांचीही तपासणी केल्यासारखी करायची. नात्यातल्या सगळ्या बायका तिला फोटो पाठवून सल्ला विचारायच्या. मला फोन आले तर ते तिचा नंबर विचारायला.

माझ्याकडे एकच गोष्ट होती जी तिच्याकडे नव्हती, ती म्हणजे आई, आमच्या सासूबाई. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, आणि आई कोकणातल्या, जुन्या वळणाच्या. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत शब्बाथ. स्विचला हात नाही, शेगडी नाही, गाडी नाही. थोरलीकडे शनिवार म्हणजे लाँड्री आणि ग्रोसरी. म्हणून आई माझ्याकडे राहायच्या, आणि थोरलीच्या घरी त्यांनी कधी एक रात्र काढली नव्हती. कौतुक मात्र तिचंच करायच्या, तेही माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझ्या हातची भाकरी खात.

आईंची बोटं थंडीत आखडायला लागली, इतकी की शब्बाथचा दिवा लावायला काडी धरवेना. डॉक्टरांना विचारून थोरलीने तिच्या बेसमेंटमध्ये गांजाची झाडं लावली. इथे घरात चार झाडं लावायला कायद्याची हरकत नाही. त्यांची फुलं वाळवून, खोबरेल तेलात मंद शिजवून तिने चोळायचं तेल केलं. आईंनी ते लावलं आणि आठवड्याभरात म्हणाल्या, “बघ, मूठ मिटते.” मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आई माझ्या घरात आणि आईंच्या हाताला तेल तिच्या घरचं, हे माझ्या डोक्यातून जाईना. मी ठरवलं, हे तेल माझ्या बेसमेंटमधूनच यायला हवं.

मी तिच्याचकडून फांदी मागून आणली. दुसरं कोणाकडे मागणार? तिच्या सल्ल्याने काळ्या कापडाचा तंबू घेतला, आत दिवा, दिव्याला टायमर. इथे रात्रीची वीज स्वस्त, म्हणून संध्याकाळी सात ते सकाळी सात दिवा आणि दिवसभर अंधार. टायमरला आपण हात लावत नाही, तेव्हा शब्बाथला आईंचीही हरकत नव्हती. थोरलीचं म्हणणं असं, की या झाडाला लांबलचक, सलग रात्र मिळाली की त्याला वाटतं हिवाळा आला, आता फुलायला हवं. “झाडाला झोपू दे, मग फुलांचं विचार,” हे तिचं ठरलेलं वाक्य.

माझं झाड फुलेचना. तिच्या झाडांना दोन-तीन आठवड्यांत फुलांचे पहिले पांढरे धागे फुटले होते, त्यांचे फोटो रोज सकाळी फॅमिली ग्रुपवर. माझ्या झाडाला पानं, पानं आणि पानं. बरं, बियाण्याला दोष द्यायची सोय नाही, फांदी तिचीच. शेवटी नाक मुठीत धरून फोन केला.

“खत कुठलं घालतेस?” मी डब्यावरचं वाचून दाखवलं. “अगं, हे पानांचं खत. तो नायट्रोजन खाऊन ते पानंच देणार. बंद कर.” बंद केलं. मग म्हणाली, बेसमेंटची फरशी गार असते, कुंडीखाली फळी सरकव. सरकवली. मग दिवा खाली घे, मग पाणी कमी कर. सगळं केलं. झाड मजेत वाढत होतं आणि फुलायचं नाव घेत नव्हतं. ग्रुपवर तिने लिहिलं, “एस्तरच्या झाडाला अजून वेळ आहे,” खाली एक हसरा चेहरा. तो चेहरा मी अजून विसरलेले नाही.

थोरली दर शनिवारी दुपारी यायची. गाडी चालवत यायची, आणि आई गाडीचा आवाज ऐकलाच नाही असं दाखवायच्या. एका शनिवारी ती कोटही न काढता थेट बेसमेंटमध्ये उतरली. तंबूची चेन उघडली, कुंडी एका बाजूला सारली आणि आत जाऊन बसली. अंगाने चांगली भरलेली बाई, तंबू चहूकडून फुगला.

“चेन लाव.”

“वहिनी, गुदमराल.”

“लाव गं. डोळ्यांना अंधाराची सवय होऊ दे.”

मी चेन लावून बाहेर उभी राहिले. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, “बाहेर कुठला दिवा चालू आहे?”

“जिन्याखालचा. शब्बाथचा.” शनिवारचं जेवण आम्ही खालच्या फ्रिजमध्ये ठेवतो, म्हणून तो दिवा शुक्रवारीच लावून ठेवायचा. मध्ये लावता येत नाही आणि बंदही करता येत नाही.

“तो तंबूच्या हवेच्या जाळीतून सरळ आत येतोय. मला इथे माझ्या अंगठ्या दिसतायत. रोज असतो?”

“नाही. फक्त शब्बाथला.”

मग तंबू हलायला लागला. थोरली हसत होती. “म्हणजे सहा दिवस अंधारात झोपून बिचारं फुलायच्या तयारीला लागतं, आणि सातव्या दिवशी तू त्याच्या तोंडावर दिवा मारून सांगतेस, थांब.”

मला हसू आलं नाही. शब्बाथ पाळणारीला पानं आणि त्या दिवशी वॉशिंग मशीन लावणारीला फुलं, हा कुठला न्याय? माझ्या घरात एकच गोष्ट तिच्या घरापेक्षा वरचढ होती, आणि नेमकी तीच मला नडली. थोरलीने आपला काळा विंटर कोट काढून जाळीसमोर टांगला, हवेपुरती फट ठेवली, आणि वर आली. आईंनी विचारलं, काय सापडलं? मला वाटलं, आता ही शब्बाथच्या दिव्याचं सांगणार. “खताचं होतं काहीतरी,” थोरली म्हणाली, आणि तशीच, कोटाशिवाय, बर्फातून गाडीकडे गेली. मोठेपणासुद्धा तिनेच घेतला.

पुढे फुलं आली, भरपूर आली. तेल मी केलं. आई बोटं चोळत म्हणाल्या, “थोरलीच्या हाताला गुण आहे हो.” झाड माझं, तंबू माझा, जिना उतरून माझे गुडघे गेले. मी भांडी आपटली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात थोरलीचं देशाच्या पार पश्चिम टोकाला, कोक्विटलामला जायचं ठरलं. मुलीला जुळं झालं होतं, घर विकलंसुद्धा. निघायच्या आधी एका सकाळी ती आली. त्या दिवशी कुंड्यांकडे तिने पाहिलंही नाही. स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, “एस्तर, एक मागू?”

मला वाटलं, आईंना न्यायचं म्हणतेय.

“एक शब्बाथ आई माझ्याकडे पाठव. मी नीट पाळीन.” मी ओटा पुसत राहिले. मग ती तडकली. “तुला काय वाटतं, मी दर शनिवारी तुझं झाड बघायला येते? तुझ्या घरात आईंचा दिवा लागतो, त्या तुला हाका मारतात. माझ्याकडे पाहुण्यासारख्या सोफ्याच्या कडेला बसतात, चहा घेतात आणि घड्याळ बघतात. इतकी वर्षं जळतेय मी.”

थोरली माझ्यावर जळत होती. हे मी कितीतरी वेळ मनात घोळवत बसले. त्याची गोडी सांगता येत नाही.

शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत मी आईंना तिच्याकडे सोडलं. जेवणाचे डबे दिले, दिवा दिला, तेलाची बाटली दिली. तिच्या घरात अर्धं सामान खोक्यांत गेलं होतं, आणि चुकून हात लागू नये म्हणून प्रत्येक स्विचवर तिने टेप चिकटवली होती. शनिवारचा दिवस मला घरात खायला उठला. माझ्या आई तिकडे काय बोलत असतील, हसत असतील का, जेवल्या असतील का, याच विचारात मी सगळी दुपार काढली.

अंधार पडल्यावर थोरली आईंना घेऊन आली. आई आत जाता जाता म्हणाल्या, “गाढ झोप लागली हो थोरलीकडे.” थोरली दारातच उभी राहिली. आभार वगैरे मानणाऱ्यातली ती नव्हतीच.

“मी झोपलेच नाही,” ती म्हणाली. “उठून उठून जाऊन बघत होते, आई खरंच आहेत ना म्हणून.”

ती गेली. मी दार लावलं. माझ्या घरात आई इतकी वर्षं झोपत होत्या आणि मी एकदाही उठून बघितलं नव्हतं. मला पुन्हा तिचा हेवा वाटला.