ताईचं नाक

फोन भाऊजींचाच होता. उचलल्याबरोबर म्हणाले, "गाडी वाचली." मी विचारलं, काय झालं? तेव्हा कुठे म्हणाले, "गिरडच्या चढावर भडका उडाला. तुमची बहीण भाजली. वर्ध्याले आणून राह्यलो, दवाखान्यात या." सिंदी मेघेहून निघालो तेव्हा मनात एवढंच घोळत होतं, की हा माणूस आधी गाडीचं बोलला. त्यानंतर ताई काही दिवस होती... होती म्हणजे श्वास चालू होता. तिला जाऊन आता दोनेक महिने होतील.

सुमनताई माझ्याहून बरीच मोठी. आमच्या घरात तिचं नाक प्रसिद्ध होतं. सकाळीच भांड्यावर वाकून सांगायची, "हे दूध संध्याकाळी नासणार, आत्ताच चहा करा." आणि ते नासायचंच. तळेगावला दिली ती संत्र्याच्या व्यापाऱ्याच्या घरात. तिथे भाऊजींचं नाकही काही कमी नव्हतं. ढिगाच्या नुसतं जवळून गेले तरी आत सडकं फळ आहे हे त्यांना कळायचं. मोठ्या साथीत त्यांना ताप आला, ताप उतरला आणि वास गेला तो परत आलाच नाही. जेवण बेचव झालं. मग ताट भिरकावायचे, वर म्हणायचे, "शेण घातलं का यात?" ती खाली बसून भात गोळा करायची आणि पुन्हा वाढायची.

त्याच सुमारास त्यांनी आपली जुनी पेट्रोलची पिकअप गॅसवर करायला घेतली. ही गाडी वडिलांच्या वेळची, ती विकायचा विचारही त्यांना सहन व्हायचा नाही. रीतसर किट बसवून कागदपत्रं करावीत, असं सगळ्यांनी सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. भंगारात गेलेल्या एका कारची टाकी आणि नळ्या आणल्या, कार्बोरेटरवर गॅसचा मिक्सर चढवला, आणि गॅस गोठू नये म्हणून रेडिएटरचं गरम पाणी फिरवून घेतलं. इंजिन पहिल्यांदा गॅसवर चाललं तेव्हा मी तिथे होतो. आवाज इतका मऊ, की भाऊजी बॉनेटवर हात ठेवून नुसते उभे राहिले. इतके खूश मी त्यांना नंतर कधी पाहिलं नाही. जाताना मिस्त्री म्हणाला, "शेठ, अधूनमधून नळीच्या जोडाइले साबणाचं पानी लावत जा. बुडबुडा आला का समजा, गळून राह्यलं."

"साबण कायले लागते? घरात नाक हाये," भाऊजी म्हणाले, आणि ताईला हाक मारली.

तेव्हापासून रोज सकाळी माल भरायच्या आधी ताई गाडीला वाकायची. टाकीशी, नळीशी, बॉनेटखाली. हमाल थांबून बघायचे. भाऊजी त्यांच्यासमोर म्हणायचे, "कुत्र्याले तरी पोळी टाका लागते, हे फुकट हाये." हमाल हसायचे. पुढे तर लांबच्या फेरीलाही तिला सोबत बसवू लागले. बाजारात तिचं नावच पडलं, गॅसवाली. एकदा तिला सर्दी झाली आणि गळती कळली नाही. त्या दिवशी तिचं नाक चिमटीत धरून त्यांनी तिला अंगणभर फिरवलं. हे तिनेच मला सांगितलं, तेही दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तसं.

ताईशी शेवटचं बोलणं झालं ते गिरडला जायच्या आदल्या दिवशी. टेकडीवर शेख फरीद बाबांच्या दर्ग्याला नवस बोलायला चालली होती. मी म्हटलं, कशासाठी? म्हणाली, "ह्यांचं नाक वापस आलं का मी मोकळी."

चढाच्या पायथ्याशी चहाची टपरी आहे. गाडी तिच्यासमोरच थांबली होती; पुढचं सगळं त्या टपरीवाल्याने पाहिलं-ऐकलं आणि मला सांगितलं. खडबडीत रस्त्याने नळीचा जोड ढिला झाला असणार. ताई म्हणाली, वास येऊन राह्यला, गाडी बंद करा. भाऊजी म्हणाले, तापलेलं इंजिन पुन्हा सुरू होत नाही, तू उतरून पाह्य. तिने बॉनेट उघडलं आणि वाकली. हे आत बसून रेस देत राहिले... ठिणगी उडाली तेव्हा बॉनेटचा पत्रा त्यांच्या आणि भडक्याच्या मध्ये होता. त्यांना ओरखडाही आला नाही.

दवाखान्यात ताईजवळ रेखा असायची, तिची सून. मुलगा नागपूरला नोकरीला, रेखा सासरी तळेगावला. ती चमच्याने पाणी पाजायची आणि भाऊजी बाहेर व्हरांड्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "ऐन टायमाले नाकानं दगा देल्ला." ताईला ते आत ऐकू येत होतं. तिची पापणी हलायची. ती गेली त्या दिवशी मात्र भाऊजी रडले, खरंच रडले. महिनाभरात त्यांनी गाडी दुरुस्तीला टाकली.

परवा तळेगावला गेलो. गाडी अंगणात उभी होती, नळी नवी. भाऊजींनी घराकडे तोंड करून हाक मारली, "सूनबाई, इकडं ये. वास येते का पाह्य."

रेखा दारापर्यंत आली. "मले वास नाई येत, बाबा."

"काऊन? तुले कवा ताप आलता?"

"लहानपणापासूनच नाई येत."

ती पदर सावरून आत गेली. मीही मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. ती शेगडीकडे पाठ करून माझ्यासाठी कपबशा पुसत होती. कढईतला लसूण करपायच्या बेतात आला, आणि मागे वळून न बघताच तिने हात नेऊन आच बारीक केली.

मी तिच्याकडे पाहिलं. तिने आधी बाहेर पाहिलं, मग हळू आवाजात म्हणाली, "येते, मामा. पण लग्न होऊन आली त्याच आठवड्यात आईनं, तुमच्या ताईनं, सांगून ठेवलं होतं. कोणी विचारलं तर वास येत नाई म्हणजो. या घराले एक नाक पुरे हाये."